प्लेअर बाळाराम

बाळाराम, तू गेल्यापासून घरात माणसं बसायला येताहेत आणि जो येतो तो एकच शब्द बोलतो. बिचारा. ओटीवर टेकायचं, पाणी प्यायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "बिचारा, जल्मभर दम्यानं हैरान झाला." मी आत चहा ठेवते, कप विसळते आणि दर वेळी वाटतं, याच्या कपात साखरेऐवजी मीठ टाकावं. तू असतास तर टाकलंही असतं आणि वर भोळा चेहरा करून विचारलं असतं, चा बरा झालाय ना? तुला बिचारा म्हटलेलं खपायचं नाही. आता तुझ्या वाटचं ते न खपणं माझ्याकडे आलं आहे.

रीतीप्रमाणे मी तुला भावजी म्हणायला हवं होतं. पण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू सातवीत नापास होऊन पडवीत बसला होतास, तुझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि नाकाला शेंबूड होता. शेंबड्या पोराला भावजी कुठून म्हणणार? मी बाळाराम म्हटलं, तू वयनी म्हणालास आणि तेच पुढं चाललं. तुझ्या छातीला कापूर लावायचा, पाठ चोळायची, तू उशी टेकून बसलास की मागून आधार द्यायचा, हे सगळं मी नवरीची हळद उतरायच्या आत शिकले. माझी मुलं नंतर झाली. पहिलं पोर म्हणून मी तुलाच सांभाळलं, आणि ते पोर मिशी फुटून कधीच मोठं झालं तरी मला कळलं नाही.

आपलं घर कबड्डीचं. पाहुणा आला की आधी भिंतीवरच्या ढाली दाखवायच्या आणि मग पाणी विचारायचं, अशी इथली पद्धत. मामा, म्हणजे तुझे वडील आणि माझे सासरे, तरुणपणी चढाईला निघाले की समोरचे गडी मागं सरकायचे असं खालापूरकडचे म्हातारे अजून सांगतात. तुझा दादा, माझा नवरा, गावच्या मंडळाचा कप्तान. या घरात माणसांच्या दोनच जाती होत्या, खेळाडू आणि बाकीचे. बाकीच्यांत मी होते, दोन म्हशी होत्या आणि तू होतास.

कबड्डीला लागतो दम. एका श्वासात पलीकडे जायचं आणि तोच श्वास पुरवून परत यायचं. तुला विहिरीपर्यंत जाऊन यायला धाप लागायची. "बाबाला दम आनि मला दमा," तू म्हणायचास. "एका कान्यानं घात केला बग, वयनी." स्वतःच हसायचास आणि हसता हसता खोकत सुटायचास. दुकान काढलंस तेही सायकलचं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरची टपरी, पंक्चर काढायचं आणि हवा भरायची. गिऱ्हाईक आलं की पंप त्याच्याच हातात द्यायचास. "ज्याच्याकडं हाय त्यानं भरावी," म्हणायचास. लोक हसत हसत आपल्या चाकात आपणच हवा भरून जायचे.

ट्यूब, वॉल्व, छर्रे आणायला तू खोपोलीला जायचास. आधी पंधरवड्यातून एकदा, मग आठवड्याला, मग एक दिवसाआड. मामांना संशय आला. "गावात सायकली हायत किती? छर्रे खातो का काय त्यो?" त्यांच्या हिशेबी मटका, दारू नाहीतर बाई, या तिन्हींपैकी काहीतरी एक असणार. काय ते बघून ये म्हणून त्यांनी मला धाडलं. मी बांगड्या भरायचं निमित्त काढलं आणि तुझ्या मागच्या गाडीनं खोपोलीत उतरले.

तू सापडायला वेळ लागला नाही. बाजारातल्या बोळात पत्र्याची शेड होती, बाहेर खडूनं लिहिलेला फळा. आत रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर लावून सिनेमे दाखवायचे. पुढच्या खोलीत छातीएवढं उंच लाकडी कपाट उभं होतं, त्याला काच, आणि काचेत उजेड नाचत होता. तू त्या कपाटाला चिकटून उभा होतास. मागं हमाल, शाळा बुडवलेली पोरं, कारखान्याच्या पाळीवरून सुटलेले कामगार, सगळे माना पुढं काढून. काचेत खाली एक इवलं विमान होतं, वरून किड्यांसारखं काहीतरी रांगेनं उतरत होतं आणि तू ते एकेक टिपत होतास. मागची माणसं मोठ्यानं नव्हे, तोंडातल्या तोंडात वाहवा करत होती.

पण मला आधी जाणवलं ते वेगळंच. तुझ्या छातीतली शिट्टी थांबली होती. घरी ती दोन खोल्यांपलीकडून ऐकू यायची, भाकरी थापताना मला त्या शिट्टीवरून कळायचं तू जागा आहेस की झोपलास. तिथं तुझा श्वास इतका शांत चालला होता की मी पुढं होऊन तुझ्या खांद्यांकडे बघत राहिले. कितीतरी वेळ मी आल्याचं तुला कळलंच नाही. मग तू वळलास, मला बघितलंस आणि तुझा चेहरा पडला.

"वयनी, दादाला सांगू नको."

"काय सांगू नको? दारू पितोस?"

"नाय गं."

"मग काय करतोस?"

"खेळतो," तू म्हणालास, आणि इतक्या हळू म्हणालास की जणू खिसा कापताना सापडलास.

मामांना मी खरं ते सांगितलं. मटका नाही, दारू नाही, बाई नाही. व्हिडिओ गेमच्या मशीनची बटणं दाबतो. मामा तंबाखू मळायला लागले. बाई असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला अजून वाटतं. चार दिवसांत गावभर झालं आणि तुझं नाव पडलं बटण्या. टपरीवरून जाताना पोरं अंगठा हलवून दाखवायची. तू मान खाली घालून ट्यूबवर कागद घासत बसायचास. तरी खोपोलीची वारी सुटली नाही, फक्त तू मागच्या दारानं जायला लागलास.

एक गोष्ट मात्र घरात मला एकटीलाच ठाऊक होती. जास्त गुण झाले की मशीन तीन इंग्रजी अक्षरं लिहू देतं, तेवढं शिकव म्हणालास. मी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं बी, एल, आर काढून दिली. तू ती महिनाभर गिरवलीस. रोज शेड बंद करताना तिचा मालक, शेठ, बटण बंद करायचा आणि मशीन सगळी नावं विसरून जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, काय उपयोग रे असल्या नावाचा? तू म्हणालास, "परत लिवतो ना मी."

मग तो सिनेमा आला. शेठनं तुला सांगितलं होतं की इंग्लिश पिक्चर आहे आणि त्यात आपलं मशीन आहे. तू मला ओढत नेलंस. दुपारचा खेळ, पंखा एक, बायकांसाठी मागं एक बाक आणि त्यावर मी एकटी. तू नियम मोडून माझ्याशेजारी बसलास.

बोलणं सगळं इंग्रजी. मी मॅट्रिक झालेली, तरी चार शब्दांपुढं माझी गाडी जाईना. बाकीच्या शेडमध्ये तर आनंदच होता. पण गोष्ट कळत होती. समुद्राकाठचं कुठलंसं थंडगार शहर. लाँड्रीत काम करणारी एक पोरगी, धुतलेल्या कपड्यांची गाठोडी सायकलवरून पोचवणारी. धक्क्यावरच्या दुकानात तसलंच मशीन, आणि जरा वेळ मिळाला की पोरगी तिथं. मालकीण ओरडते, आई डोळे पुसते, शेजारी हसतात. तू मला कोपर मारलंस. "आपलंच घर हाय गं हे." मग एक दिवस दाट धुकं पडतं आणि माणसांनी भरलेली बोट बाहेर समुद्रात अडकते. बंदराच्या मनोऱ्यात एक माणूस हिरव्या पडद्यावरचे ठिपके बघून बोटींना वाट सांगत असतो, तो छाती धरून खाली कोसळतो. पोरगी कपडे द्यायला नेमकी तिथं आलेली असते. ती पडद्याकडे बघते, सरकणारे ठिपके बघते आणि गाठोडं खाली ठेवून त्या खुर्चीवर बसते.

तेवढ्यात एक टोपीवाला साहेब धावत येतो आणि तिच्यावर ओरडतो. कोण तू, इथं काय करतेस, असंच असणार. ते कळायला इंग्रजी लागत नाही, मामा रोज तसंच ओरडतात. पोरगी मागं वळूनही बघत नाही, एकच शब्द बोलते. आणि साहेब गप्प होतो. टोपी काढतो आणि बाजूला उभा राहतो.

तू माझा दंड असा धरलास की नव्या बांगड्यांतल्या दोन पिचल्या. "प्लेअर म्हनाली! वयनी, ऐकलंस? त्यानं इचारलं कोन तू, तर ती बोलली प्लेअर!" प्लेअर हा शब्द तुझ्या ओळखीचा होता. स्पर्धेच्या शेवटी भोंग्यावरून बेस्ट प्लेअर पुकारतात, त्यात दादाचं नाव यायचं आणि मामा टोपी सारखी करायचे. पुढच्या बाकावरून कुणीतरी खाली बस म्हणून ओरडलं. तू उभा राहिला आहेस हे तुला ठाऊकच नव्हतं.

बोट धुक्यातून येत होती, ठिपका किनाऱ्याच्या रेषेकडे सरकत होता, आणि एकदम पडद्यावर मुंग्या आल्या. शेठ म्हणाला, "टेप इतकीच हाय. कापी करनाऱ्यानं पुडचं खाल्लं." घरी येताना आपण कापलेल्या शेतातून चालत होतो आणि वाटभर भांडत होतो. तू म्हणालास, बोट लागली, सगळी माणसं उतरली, लेकरंबाळंसुद्धा. मी म्हटलं, आपटली असणार. इंग्लिश पिक्चरवाले उगाच इतकं धुकं करत नाहीत. तू रागावून पुढं चालायला लागलास आणि धाप लागली म्हणून बांधावर बसलास. मी येऊन शेजारी बसले. "लागली गं बोट," तू श्वास गोळा करत म्हणालास. हे भांडण आपलं संपलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तू पुढच्या दारानं जायला लागलास. खोपोलीला जाताना इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल. कुणी बटण्या म्हटलं की थांबून सांगायचास, "प्लेअर म्हन." दादा मैदानात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावतो, तू मशीनला हात लावून तसं करायला लागलास आणि शेठच्या शेडमध्ये मग सगळेच करायला लागले. पाठीचा तुझा बाक गेला. मला इतकी वर्षं तुझी पाठ चोळून जे जमलं नव्हतं, ते एका अर्धवट सिनेमानं केलं. मी त्या टोपीवाल्या साहेबाला मनातल्या मनात नमस्कार केला.

मग खालापूरकडचं स्थळ आलं. मुलीचे वडील आपलं घर बघायला आले होते. पोहे झाले, त्यांनी विचारलं, मुलगा काय करतो?

"सायकलचं दुकान हाय सोताचं," मामा म्हणाले.

तू बशी खाली ठेवलीस. "आनि मी प्लेअर हाय."

पाहुण्यांचा चेहरा उजळला. त्यांनी भिंतीवरच्या ढालींवर नजर फिरवली. "मंग! रक्तातच हाय तुमच्या. चढाई का पकड?"

"कबड्डी नाय. व्हिडिओचा. खोपोलीत माझ्यावर कोनी नाय."

पाहुण्यांनी मामांकडे बघितलं, मामांनी जमिनीकडे. मग पाहुण्यांना एकदम एसटीची वेळ आठवली. ते वळणापलीकडे गेले आणि मामांचा आवाज चढला. "खेळाडू म्हनं! अंगाला माती लागली का कदी?"

"माती लागून खेळाडू होत असंल तर आपली म्हस पन खेळाडू, बाबा."

दादा भिंतीकडे तोंड करून हसला, मला दिसलं. मामांनी तांब्या फेकला. तो तुला लागला नाही, उंबऱ्यावर आपटून चेपला. "ह्या घरात त्यो शबुद परत काडायचा नाय," मामा म्हणाले. "खेळाडू म्हंजी काय ते मला म्हाईत हाय. तू नाय त्यो." संध्याकाळी गोठ्यात मी धार काढत होते, तू येऊन दावणीला टेकून उभा राहिलास. "गावानं नाय बोललं तरी चालंल, वयनी. बाबानं एकदा बोलूदे. एकदाच."

त्यावर मी तुला काय सांगितलं ते आठवत नाही. बोलतील रे, असंच काहीतरी असेल. मला खात्री नव्हती.

आता तुला एक सांगायचं आहे. दिवाळीच्या आधी तू मला तो सिनेमा पुन्हा बघायला नेलंस. तोवर तू तो किती वेळा बघितलास याचा पत्ता नाही, टेप घासून त्यातलं आभाळ हिरवं दिसायला लागलं होतं. या खेपेला मी गोष्ट बघितली नाही, पोरीचे कपडे बघितले. पांढरा कोट, लाँड्रीतल्या सगळ्या बायकांचा असतो तसा, आणि खिशावर लाल दोऱ्यानं भरलेली अक्षरं. मी ती जुळवली. क्लेअर. सुरुवातीला मालकीण आतून हाक मारते तीही तीच. मग साहेब आला, ओरडला आणि मी कान देऊन ऐकलं. पोरगी प्लेअर म्हणालीच नव्हती, बाळाराम. क्लेअर म्हणाली. त्यानं विचारलं कोण तू आणि तिनं आपलं नाव सांगितलं. साहेब गप्प का झाला ते देव जाणे, पडद्यावर त्याला काही दिसलं असेल.

बाहेर आल्यावर तूच मला विचारलंस, "तिच्या खिशावर काय लिवलंय गं?" त्या तीन अक्षरांच्या पलीकडे तुला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"लाँड्रीचं नाव," मी म्हटलं.

हे मी लपवलं आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. आज विचारलंस तरी लाँड्रीचंच नाव सांगेन. चुकून ऐकलेला का असेना, त्या शब्दावर तू ताठ चालायला शिकलास. तो काढून तुझ्या हातात क्लेअर ठेवून मी काय मिळवणार होते? पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. तिकडच्या कुणी तुला तो शब्द दिलेला नव्हता. म्हणजे तो इकडच्याच कुणीतरी द्यायला हवा होता, आणि ज्यानं द्यायचा तो ओटीवर बसून तंबाखू मळत होता.

मार्गशीर्षात झोडणी लागली. खळं घरामागंच. भाताच्या पेंढ्या आपटायला लागल्या की धूळ घरातल्या दुधात येऊन बसते. म्हणून त्या दिवसांत तू दुकानातच थांबायचास, जेवण मी तिथं न्यायची. त्या दिवशी मला उशीर झाला आणि तू जेवायला घरी आलास. मागच्या दाराशी हात धुतलेस आणि तिथंच खाली बसलास. मी पेंढी टाकून धावले. गोळी दिली, कढत पाणी दिलं, पाठ चोळली. शिट्टी वाढत गेली आणि मग शिट्टीही येईना. ती थांबली की वाईट, हे मला ठाऊक होतं.

दादानं जीप आणली. मागं मी तुझं डोकं धरून बसले, पुढं मामा. कर्जतच्या अलीकडचं फाटक लागलेलं. मालगाडी होती, घाटात ढकलायला मागं इंजिनं लावलेली, ती लांबच लांब गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. पलीकडे दवाखान्याची कौलं दिसत होती. दादा उतरून फाटकवाल्याशी भांडला, पण गाडी पुढं असताना तो बिचारा तरी काय करणार. बघ, हा शब्द माझ्याही तोंडी आला. मामा मागं वळून सारखं सांगत होते, "दम धर रं, बाळ्या. दम धर." मैदानाच्या कडेला उभं राहून आयुष्यभर त्यांनी पोरांना हेच सांगितलं. त्यांना दुसरं काही सांगता येत नाही. तू त्यांच्याकडे बघत होतास. तुझी बोटं माझ्या दंडावर हलत होती. बटणं दाबत होतास की नुसता जीव तडफडत होता, मला कळलं नाही आणि मी उगाच त्याचा अर्थ लावणार नाही. फाटक उघडलं तेव्हा बोटं थांबली होती.

मामा रडले नाहीत. दहावं झालं, तेरावं झालं, ते खळ्यावर उभे राहून उरलेली झोडणी करून घेत होते. मी त्यांच्यापुढं ताट ठेवायची आणि निघून यायची. एका घरात राहून मी त्यांच्याशी इतके दिवस बोलले नव्हते.

मग मंडळाचे सेक्रेटरी आले. तुला ठाऊक आहे, दर वर्षी पहिल्या सामन्याआधी मंडळ त्या वर्षात गेलेल्या आपल्या खेळाडूंसाठी उभं राहतं. भोंग्यावरून नाव पुकारतात, खेळाडू अमुक अमुक, आणि सगळं मैदान मान खाली घालतं. यंदा सखाराम नाना गेले, त्यांचं नाव होतंच. सेक्रेटरी मामांना म्हणाले, "बाळारामाचं बी घेऊ का? तुमचा मुलगा म्हनून?"

"नाय," मामा म्हणाले. "नियम म्हंजी नियम. मंडळाकडनं कदी उतरला नाय त्यो. माझा हाय म्हनून मोडू नका."

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. सासऱ्यांपुढं मी कधी आवाज चढवला नव्हता. "मग काय म्हनून नाव घ्यायचं त्याचं? बिचारा बाळाराम?"

मामा उठले आणि म्हशींना पाणी दाखवायला निघून गेले. दादा दारात उभा होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. त्यानं चपला घातल्या आणि सरावाला गेला. रात्रीचं जेवण त्याला त्याच्या हातानं वाढून घ्यावं लागलं.

काल सामना होता. मी जाणार नव्हते. पोरांनी हट्ट धरला म्हणून गेले आणि बायकांत मागं बसले. भोंग्यावरून सखाराम नानांचं नाव झालं, मैदान उभं राहिलं, बसलं. तुझं नाव आलं नाही. मी पदर तोंडाशी धरला आणि उठून घरी जायचं ठरवलं. तेवढ्यात पंचांनी भोंग्याचा माईक दादापुढं धरला, गडी सांगा म्हणून. दादानं एकेकाचं नाव घेतलं, एकेक जण आत जाऊन उभा राहिला. सहावं नाव झालं. दादा थांबला.

"सातवा, बाळाराम."

पंच बाहेरगावचे. ते वाट बघत राहिले. "सातवा कुठं हाय?"

"येनार नाय."

"मग बदली घ्या. कडेला गडी हायत की तुमचे."

"नको. सातवा त्योच."

मैदानात कुजबुज झाली, कुणीतरी जाऊन पंचांच्या कानाशी लागलं. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "नियम सांगतो, कप्तान," ते जरा नरमाईनं म्हणाले. "कमी असलेला गडी मेला धरतात. समोरच्यांना गुन जातो."

"धरा," दादा म्हणाला.

मामा रेषेलगत खुर्चीवर होते, जुन्या खेळाडूंना मानानं बसवतात तिथं. त्यांनी दादाकडे बघितलं नाही, पंचांकडेही नाही. काठीच्या टोकानं ते माती उकरत होते. नियम त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त पाठ होते. मेलेले गडी रेषेबाहेर ओळीनं बसतात, आणि आपल्या बाजूनं समोरचा एक मारला की ओळीतला पहिला उठून आत येतो. तू हे लहानपणापासून बघितलंस, पण त्या ओळीत कधी बसला नव्हतास. काल ती ओळ तुझी एकट्याची होती. तिथं चुन्याची रेघ होती आणि बाकी काही नव्हतं.

आपले सहा जण खेळत होते. पहिल्या दोन चढाया नुसत्याच गेल्या. मग समोरचा एक उंच गडी आत शिरला, कोपऱ्यापर्यंत आला, आणि दादानं खाली वाकून त्याचे पाय धरले, पट काढला. दोघं धुरळ्यात पडले, वरून आपले बाकीचे पडले. तो रेषेकडे हात ताणत राहिला, त्याचा दम सुटला. शिट्टी झाली. टाळ्या झाल्या. पंचांनी आपल्या बाजूला हात वर केला आणि रोजच्या सवयीनं बोलून गेले, "उठला. पहिला गडी आत या."

मग त्यांच्या लक्षात आलं. हात तसाच वर राहिला. टाळ्या थांबल्या. दादा गुडघ्यावर होता, तो उठलाच नाही.

मामा खुर्चीतून उभे राहिले. त्या रिकाम्या रेघेपर्यंत चालत गेले, जरासे वाकले आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "उठ रं, खेळाडू. तुला बोलावत्यात."

सगळे थांबले होते, बाळाराम. तू उठला नाहीस.